टुरिस्ट व्हिसावर लांबचा मुक्काम: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून जाणाऱ्यांसाठी

टिळकवाडी_तिसरं_गेट

हल्ली इकडं एक प्रश्न सारखा येतोय. पुण्या-बेंगळूरच्या कंपनीचं काम लॅपटॉपवरच चालतं, मग लॅपटॉप टिळकवाडीत उघडला काय नि चियांग माईत उघडला काय? टुरिस्ट व्हिसावर जायचं, मुदत संपत आली की शेजारच्या देशात पाय लावून परत यायचं. असं वर्ष-दोन वर्षं काढता येतं का? दुसरा प्रश्न आई-बाबांचा. मुलगी अमेरिकेत, दहा वर्षांचा व्हिसा हातात, मग एका खेपेला राहायचं किती?

इथं नियम, आकडे आणि नेमकं कुठं अडतं तेवढंच लिहा. 'आमच्या मेव्हण्याला कोणी काही विचारलं नाही' असलं नको. मेव्हण्याचा शिक्का आपल्या पासपोर्टवर उमटत नाही.

चोर्ला_घाट

व्हिसाची मुदत वेगळी आणि मुक्कामाची मुदत वेगळी. निम्मे घोटाळे इथंच होतात. व्हिसावरची तारीख सांगते की आत कधीपर्यंत शिरता येईल. शिरल्यावर किती राहायचं ते इमिग्रेशनचा माणूस शिक्क्यावर लिहितो. काउंटर सोडण्याआधी ती तारीख वाचायची. चुकीची पडली असेल तर तिथल्या तिथं दुरुस्त होते, नंतर अवघड होतं.

विचारणारे बहुतेक थायलंडकडंच बघतायत, म्हणून तेच घेऊ. जुलै २०२४ पासून भारतीय पासपोर्टला व्हिसाशिवाय ६० दिवस मिळू लागले, त्याआधी ३० होते. ६० चे परत कमी करायची चर्चा तिथल्या सरकारात कधीपासून चालू आहे, तेव्हा तिकीट काढाल त्या दिवशी थाई दूतावासाच्या पानावरचा आकडा धरा, माझा नको. १ मे २०२५ पासून तिथं पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत टीडीएसी नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. तो फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे.

मोजताना उतरलेला दिवस हा पहिला दिवस. १ मार्चला उतरलात तर साठावा दिवस २९ एप्रिल. 'दोन महिने' धरून १ मेचं तिकीट काढलं की दिवसाला ५०० बाट दंड. दंड २०,००० बाटला थांबतो, पण ९० दिवसांच्या वर राहिलात तर दंड भरूनही वर्षभर बंदी. आणि आपण होऊन विमानतळावर न जाता तपासणीत सापडलात तर वर्षाच्या आतल्या ओव्हरस्टेलाही पाच वर्षं दार बंद.

मुदतवाढ एकदा, ३० दिवसांची, १,९०० बाट. टीएम.७ अर्ज, ४ बाय ६ सेंटिमीटरचा फोटो, पासपोर्टच्या माहितीच्या पानाची आणि शेवटच्या शिक्क्याची झेरॉक्स, प्रत्येक झेरॉक्सवर सही, आणि टीएम.३० ची पावती. घोडं पेंड खातं ते या पावतीशी. टीएम.३० म्हणजे परदेशी माणूस आपल्याकडं उतरलाय अशी घरमालकानं २४ तासांत द्यायची वर्दी. हॉटेलवाले ती देतात. महिन्याच्या भाड्यानं खोली देणारा मालक टाळतो, कारण भाड्याची नोंद झालेली त्याला नको असते. म्हणून खोली बघायला जाल तेव्हाच, अनामत हातात असतानाच, विचारायचं. पैसे गेल्यावर कोण दाद देतो? मुदतवाढ नाकारली तर निघायला सात दिवस मिळतात, १,९०० तेवढ्यावरच जातात.

कुंदा_गरम

म्हणजे ९० दिवस झाले. मग दक्षिण थायलंडातल्या हाट याईहून सीमेवरच्या पडांग बेसारला जायचं, मलेशियात चहा प्यायचा, परत यायचं. मलेशियाला आपल्याला व्हिसा नाहीच. वर्षातनं चारदा केलं की झालं की.

चोर्ला_घाट

झालं नाही ओ. चार कारणं.

व्हिसामाफीवर जमिनीच्या वाटेनं एका कॅलेंडर वर्षात दोनदाच शिरता येतं. विमानाला असा आकडा नाही, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये थाई इमिग्रेशननं जाहीर केलं की सबळ कारणाशिवाय दोनपेक्षा जास्त व्हिसा-रन (नव्या शिक्क्यासाठी सीमेबाहेर जाऊन लगेच परत येणं) दिसले तर प्रवेश नाकारू. पासपोर्टवर ओळीनं साठ-साठ दिवसांचे शिक्के आणि मध्ये एकेका दिवसाची मलेशिया, हे काउंटरवरच्या माणसाला अर्ध्या मिनिटात कळतं.

मलेशियाची माफी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे, ३० दिवसांची, आणि तिलाही आधी टीडीएसीसारखाच एमडीएसी नावाचा ऑनलाइन फॉर्म लागतो. तो न भरता गेलेला माणूस चौकीवर मोबाइलला रेंज शोधत बसतो.

कंबोडियाकडच्या जमिनीवरच्या चौक्या जून २०२५ च्या तंट्यापासून बंद झाल्या. जुन्या व्हिडिओंतली पोईपेटची वाट बघून निघू नका.

आणि चौथं, सगळ्यात मोठं. टुरिस्ट म्हणून आलेला माणूस तिथं बसून पगाराचं काम करतो, ते पर्यटनात बसत नाही. त्यासाठीच जुलै २०२४ मध्ये डीटीव्ही, म्हणजे डेस्टिनेशन थायलंड व्हिसा, आला. पाच वर्षांचा, एका खेपेला १८० दिवस, आत असताना एकदा आणखी १८० वाढवता येतात. शुल्क १०,००० बाटच्या घरात, वय किमान २०, बँकेत ५ लाख बाट दाखवायचे आणि परदेशी कंपनीसाठी बाहेरून काम करता याचं पत्र. अर्ज थायलंडच्या बाहेरून करायचा. चार रनची विमानं, खोल्या, दंडाची धास्ती यांची बेरीज करून बघा, डीटीव्ही महाग वाटणार नाही. ५ लाख बाट मात्र पाहुणे म्हणून चार दिवस खात्यात आणलेले चालत नाहीत, मागच्या महिन्यांचं स्टेटमेंट मागतात.

मार्कंडेय_काठ

व्हिएतनामचं लिहितो. १५ ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा ९० दिवसांचा झाला. सिंगल एंट्री २५ डॉलर, मल्टिपल ५०. पर्यटकाला आतून मुदतवाढ मिळेल हे धरून चालू नका, बाहेर जाऊन नवा ई-व्हिसा घेऊन येणं हाच रिवाज. हो ची मिन्ह सिटीत राहणारे मोक बाई चौकीवर जातात, बसनं ७० किलोमीटरच्या आसपास. पलीकडं कंबोडियाचं बावेत.

क्रम असा. जुन्या ई-व्हिसाची मुदत संपायच्या किमान दहा दिवस आधी नवा अर्ज. तीन कामाचे दिवस म्हणतात, पण तेत, म्हणजे तिथलं नववर्ष, आला की सगळं ठप्प. अर्जात 'प्रवेशाचं ठिकाण' म्हणून मोक बाई निवडायचं. विमानतळ निवडून जमिनीवरनं आलात तर परत फिरवतात. सुरू होण्याची तारीख ज्या दिवशी परत शिरणार तीच टाकायची. मग चौकीवर: व्हिएतनामचा निर्गमन शिक्का, चालत पलीकडं, कंबोडियाचा ३० डॉलरचा टुरिस्ट व्हिसा, आगमन शिक्का, लगेच निर्गमन शिक्का, चालत परत, छापील ई-व्हिसा पुढं. मोबाइलवर दाखवून काही ठिकाणी निभतं, पण दोन प्रती छापून न्या.

नव्या व्हिसाची तारीख उद्याची असली तर रात्र बावेतच्या कॅसिनोंत काढावी लागते. डॉलरच्या नोटा फाटक्या, मुडपलेल्या किंवा शाई लागलेल्या असल्या तर घेत नाहीत. आणि नाव एका अक्षरानं चुकलं तर तो ई-व्हिसा गेला, पैसे परत नाहीत, नवा अर्ज. याबद्दल खाली कोणीतरी सविस्तर लिहा, आपल्याकडच्या नावांचा घोळ मोठा आहे.

बाली विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात: ३० दिवस, ५ लाख रुपिया, एकदाच ३० ची वाढ, ओव्हरस्टेला दिवसाला १० लाख रुपिया. नव्वदचा विचार तिथं सोडून द्या.

हलशीकर

नावांचं मी लिहितो.

पहिली गोष्ट आडनावाची ओळ. आपल्याकडं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत, पण सीमाभागातल्या बऱ्याच जुन्या पासपोर्टांत कुणीतरी सगळं एकाच ओळीत भरलंय आणि आडनाव रिकामं. कन्नड पद्धतीत आडनाव न लावणारे शेजारीही याच अडचणीत. यूएईनं नोव्हेंबर २०२२ मध्ये एकेरी नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा बंद केला, मग वडिलांचं किंवा घराण्याचं नाव दुसऱ्या पानावर असेल तर चालेल असा खुलासा आला. लांब मुक्कामाचा विचार असेल तर जाण्याआधीच पासपोर्ट रीइश्यू करून नाव दोन ओळींत नीट पाडून घ्या. ई-व्हिसाच्या फॉर्मवर पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, त्या बघून भरायचं. वरचं नाव वाचून भरू नका.

दुसरी गोष्ट जन्मगाव. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बदललं. आधीच्या पासपोर्टात जुनं स्पेलिंग, आधारवर नवं. मनात काहीही असो, फॉर्मवर पासपोर्टात छापलंय तेच टाकायचं. तिथल्या क्लार्कला आपला सीमावाद समजावत बसणार काय?

तिसरी गोष्ट पानं. ३६ पानांचा पासपोर्ट १,५०० रुपयांना, ६० पानांचा २,००० ला. फिरती राहणाऱ्यानं ५०० रुपयांसाठी ३६ चा घेऊ नये. कंबोडिया आणि लाओसचा व्हिसा चिकटवला की आख्खं पान जातं, शिवाय ये-जा करताना प्रत्येक देशाचे दोन शिक्के. मोक बाईच्या एका फेरीत दीड-दोन पानं संपतात. सहा महिन्यांची मुदत शिल्लक नसेल तर विमान कंपनीच बसू देत नाही.

अर्ज बेळगावच्या टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट केंद्रात किंवा हुबळीच्या सेवा केंद्रात, दोन्ही बेंगळूरच्या प्रादेशिक कार्यालयाखाली. परदेशातून भारतीय वकिलातीतही रीइश्यू होतो, पण पोलीस पडताळणी गावच्या पत्त्यावर येते. घराला कुलूप आणि शेजारी 'कुठं गेलेत माहीत नाही' म्हणाले की अहवाल उलटा जातो. घरच्यांना, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. नवा पासपोर्ट आला की जुन्यातला मुक्कामाचा शिक्का नव्यात बदलून घ्यायला तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात जावं लागतं, तो आपोआप येत नाही.

जमिनीचा उतारा, काही ठिकाणी लग्नाचा दाखलाही कन्नडमध्ये असतो. डीटीव्ही, शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा), कॅनडा कुठंही लावायचा तर इंग्रजी भाषांतर आणि नोटरी इथूनच करून न्या. बँकॉकमध्ये कन्नडचा भाषांतरकार शोधणं म्हणजे लई महागडं प्रकरण.

खानापूरचा_पाऊस

नेपाळला तर व्हिसाच नाही ना? मग ही सगळी उठाठेव कशाला?

मार्कंडेय_काठ

नाही. भारतीयांना नेपाळात व्हिसाही नाही आणि दिवसांची मोजणीही नाही, १९५० चा करार. विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार चालत नाही. नुसतं डोंगरात राहून काम करायचंय तर पोखरा हे सगळ्यात सरळ उत्तर आहे, फक्त त्याचा फोटो टाकल्यावर 'परदेशात राहतो' म्हणून कोणी टाळ्या वाजवत नाही.

कुंदा_गरम

युरोपात ९० दिवस राहायचं, एक दिवस लंडनला जायचं, परत ९०. बरोबर?

टिळकवाडी_तिसरं_गेट

चूक. शेंगेनची मोजणी मागं वळून होते. ज्या दिवशी तुम्ही आत आहात त्या दिवसापासून मागचे १८० दिवस मोजायचे, त्यात आत असलेले दिवस ९० च्या वर जाता कामा नयेत. येण्याचा दिवस आणि जाण्याचा दिवस दोन्ही धरतात.

आकड्यात बघा. १ जानेवारी २०२६ ला शिरलात, ३१ मार्चला बाहेर पडलात. ३१ अधिक २८ अधिक ३१, नव्वद पूर्ण. आता लंडनला एक दिवस राहा की एक महिना, २९ जूनपर्यंत परत शिरता येत नाही, कारण मागच्या १८० दिवसांत ते नव्वदच्या नव्वद आहेत. ३० जूनला १ जानेवारी खिडकीतून बाहेर पडतो, त्या दिवशी शिरता येतं, मग रोज एकेक जुना दिवस गळतो. हे गणित व्हिसा मल्टिपल असेल तरच. स्टिकरवर ३० दिवस लिहिले असतील तर ३०.

पूर्वी शिक्के पुसट असायचे, कोणी नीट मोजायचं नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस, म्हणजे ये-जा नोंदवणारी युरोपची संगणक यंत्रणा, सुरू झाली. बोटांचे ठसे, चेहरा, आणि मोजणी संगणक करतो. एप्रिल २०२४ पासून भारतीयांना एक सवलत मात्र आहे: तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा मल्टिपल मिळू शकतो, पुढं पाच वर्षांचा. पण ९०/१८० त्यालाही लागू.

मलप्रभा_माई

आई-बाबांबद्दल. अमेरिकेचा बी-१/बी-२, म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा, दहा वर्षांचा असला तरी मुक्काम आय-९४ या प्रवेशनोंदीवर ठरतो. तो कागद आता ऑनलाइन असतो, उतरल्यावर मुलांनी लगेच काढून छापून ठेवावा. साधारण सहा महिने मिळतात.

वाढवायचं असेल तर आय-५३९ अर्ज, आय-९४ संपायच्या आत, शक्यतो ४५ दिवस आधी. ऑनलाइन शुल्क ४२० डॉलर. कारण ठोस लिहावं: बाळंतपण, शस्त्रक्रिया, त्याचे कागद. 'नातवाला लळा लागलाय' हे खरं असलं तरी कारण होत नाही. अर्ज प्रलंबित असताना राहता येतं, पण नामंजूर झाला तर लगेच निघावं लागतं आणि पुढच्या खेपेला त्यावर प्रश्न येतो.

आय-९४ ओलांडून राहिलं की तो दहा वर्षांचा व्हिसाच रद्द ठरतो, एक दिवस असला तरी. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहिलं तर तीन वर्षं, एक वर्ष भरलं तर दहा वर्षं प्रवेशबंदी. कॅनडाला चार दिवस जाऊन आलं की नवे सहा महिने मिळतात, हा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका. ३० दिवसांच्या आत परत आलं तर जुनाच आय-९४ पुढं चालू धरतात.

'सहा महिने तिकडं, सहा महिने इकडं' असा नियम कुठं लिहिलेला नाही. अधिकारी एवढंच बघतो की हे पाहुणे आहेत की इथंच राहतात. वर्षातले सात-आठ महिने तिकडं दिसले की विचारतो: घर कुठं, पेन्शन कुठं येते, औषधं कुणाची चालू? खानापूरच्या घराचा उतारा, पेन्शनचं पासबुक, परतीचं तिकीट हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नको. इंग्लंडचंही तेच, एका खेपेला सहा महिने, पण वारंवार येऊन तिथंच राहण्याला त्यांच्या नियमात स्पष्ट मनाई आहे.

मूल कॅनडात असेल तर उलट स्थिती. सुपर व्हिसावर आई-वडील किंवा आजी-आजोबांना जुलै २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षं मिळतात. किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा, मुलाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या वर आणि वैद्यकीय तपासणी. साठी ओलांडलेल्यांचा विम्याचा हप्ताच इथं मोठा खर्च. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसापत्रात ८५०३ या क्रमांकाची अट शोधा. ती असली तर आतून मुदतवाढ नाही, विषय संपला.

आणि विमा इथून निघण्याआधी घ्यायचा. बहुतेक भारतीय प्रवास पॉलिसी एका खेपेला १८० दिवसांच्या असतात, आणि मधुमेह-रक्तदाब आधीपासून असेल तर त्याचा खर्च बहुधा जीवावर बेतल्यावरच देतात. ते कलम वाचून सही करा.

चोर्ला_घाट

कराचं कोणीच बोललं नाही, म्हणून.

'१८२ दिवस बाहेर राहिलो की एनआरआय' हे अर्धंच खरं. आर्थिक वर्षात ६० दिवस भारतात आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात, एवढ्यानंही माणूस करासाठी निवासी ठरतो. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला त्या ६० चे १८२ होतात. टुरिस्ट व्हिसावर गेलेल्याला ती सवलत मागायला कागद कुठला? १५ जुलैला निघालात तर एप्रिलपासून १०६ दिवस इथं झाले. त्या वर्षी तुम्ही निवासी, जगभरचं उत्पन्न इथं दाखवायचं, परदेशात खातं उघडलं असेल तर विवरणपत्राच्या एफए (परदेशी मालमत्ता) तक्त्यात त्याची नोंद. पुढच्या वर्षांत भेटीला येणाऱ्या नागरिकाला १८२ दिवसांची मुभा आहे, भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १२०. आणि १५ लाखांच्या वर असून कुठल्याच देशात करपात्र नसाल तर भारत तुम्हाला निवासीच मानतो. देश बदलत राहिलं की कर कुठंच नाही, ही पळवाट २०२० मध्येच बुजवली.

उलट बाजूनं थायलंडमध्ये कॅलेंडर वर्षात १८० दिवस झाले की तिथले करनिवासी, आणि २०२४ पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर कर. दोन्हीकडं लागू झालात तर दोन देशांतला कर-करार बघावा लागतो, सीएशिवाय जमत नाही. कंपनीला न सांगता तर जाऊच नका. आयपी पत्ता रोज लॉगमध्ये पडतो.

निपाणी_बसस्टँड

एजंटांबद्दल दोन ओळी. 'आधी टुरिस्ट व्हिसावर चला, तिकडं गेल्यावर वर्क परमिट करून देतो' हे वाक्य ऐकलं की उठायचं. दुबईत व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधता येते, कामाला लागता येत नाही. २०२४ च्या दुरुस्तीनंतर परमिटशिवाय कामाला ठेवणाऱ्याला १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे, त्यामुळं पकडापकडीत मालक हात वर करतो. ओव्हरस्टे दिवसाला ५० दिरहम, तो तुमच्या खिशातला.

थायलंडला 'डेटा एंट्री'ची नोकरी म्हणून नेऊन म्यानमारच्या म्यावडीकडं सायबर फसवणुकीच्या आवारात डांबलेली भारतीय पोरं परराष्ट्र खात्याला सोडवून आणावी लागली. ती सगळी टुरिस्ट म्हणूनच उतरली होती. एजंट खरा असेल तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा नोंदणी क्रमांक सापडतो, आणि त्याचं सेवाशुल्क कायद्यानं ३०,००० रुपये अधिक जीएसटी, त्यावर नाही.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतो, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते. यूएई, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया सगळे त्या देशांच्या यादीत आहेत. फिरायला जाता येतं, पण परतीचं तिकीट आणि मुक्कामाचं बुकिंग नसेल तर आपल्याच विमानतळावर उतरवून ठेवतात. गोव्याच्या मोपा विमानतळावरनं गेलात काय नि बेंगळूरवरनं गेलात काय, प्रश्न तेच.

कुंदा_गरम

एवढं सगळं वाचून शेवटचा प्रश्न. इथला मोबाइल नंबर चालू कसा ठेवायचा? बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो.

हलशीकर

निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून ठेवा, तिकडं गेल्यावर ते सुरू करायलाच ओटीपी लागतो. एसएमएस यायला सहसा पैसे पडत नाहीत, फोन उचलला तर पडतात, म्हणून डेटा बंद आणि कॉल न उचलणं. ९० दिवस सिम वापरलंच नाही तर नंबर जाऊ शकतो, प्रीपेडमध्ये किमान २० रुपये शिल्लक असली तर तेवढे कापून ३० दिवस वाढतात. बँकेत ईमेलवरही ओटीपी मिळत असेल तर ती नोंद इथंच शाखेत जाऊन करा. थायलंडच्या एटीएमला परदेशी कार्डावर दर खेपेला २२० ते २५० बाट कापतात, तेव्हा थोडे थोडे काढू नका. आणि स्क्रीनवर 'रुपयांत रूपांतर करू का' असं विचारलं की नको म्हणायचं, बाटमध्येच घ्यायचं. तिथला दर आपल्या बँकेपेक्षा वाईट असतो.